स्त्रियांच्या पाउलाचें माप

जोड्याच्या मापाचा इतिहास हा विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. राज्यें, लढाया आणि तह यांची हकीकत आपण आदरानें ऐकतों. पायांतील वस्तु उंबरठ्याबाहेर ठेवण्याची आपली रीत असल्यामुळें तिचा इतिहासही बहुधा बाहेरच राहिला आहे. परंतु कोणाच्या अंगाचें माप घेऊन वस्तु घडवावयाची आणि कोणीं ती दुसऱ्याच्या मापाची वस्तु मुकाट्यानें वापरावयाची, हें ज्या समाजांत जसें ठरतें, तशी त्या समाजाची खूण त्या वस्तूवर उमटलेली असते. म्हणून नांदेड-लातूरकडील घरांना ओळखीच्या अशा या साध्या प्रश्नाचा आज आपण विचार करूं : स्त्रियांच्या आणि मुलींच्या पाउलाचें माप खरोखर कोणीं व केव्हां घेतलें?

मापांचा उगम माणसाच्या शरीरांतच झाला आहे. हात, वीत, अंगुळ हीं सारीं त्याचींच नांवें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आठ यवांचें, म्हणजे जवाच्या आठ दाण्यांच्या रुंदीचें, एक अंगुल सांगितलें आहे. आणि त्याला पर्याय म्हणून मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी दिली आहे. गंमत अशी कीं, इंग्लंडांतही मापाचें मूळ जवाच्या दाण्यांतच सांपडतें. आपण जव आडवे मांडले, त्यांनीं उभे मांडले. तीन जवांचा त्यांचा एक इंच झाला. इंग्रजी जोड्याचा नंबर अजून याच हिशेबानें चालतो. चार इंचांपासून मुलांची मोजणी सुरू होते, दर नंबरास एक जव, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, वाढत जातो; तेरा नंबरावर मुलांचे आंकडे संपून मोठ्यांचे पुन्हां एकापासून सुरू होतात. या हिशेबानें मोठ्यांच्या चार नंबराच्या कालबुताची लांबी पावणेदहा इंचांहून किंचित् कमी भरते. पण हा नंबर केवळ लांबी सांगतो. चवडा किती रुंद, टांच किती अरुंद, पाउलाची कमान किती उंच, याविषयीं तो मौन पाळतो.

आपल्याकडे नंबर येण्यापूर्वीं काय होतें? मराठवाड्यांतील गांवगाड्यांत चांभार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. विहिरीवरच्या मोटेचें कातडें, बैलांचीं सामानें आणि शेतकऱ्याच्या वहाणा त्याच्या हातून होत, आणि सुगीला त्याचा वांटा धान्याच्या रूपानें त्याला मिळे. ज्या हातांवांचून गांवाची मोट चालत नव्हती, त्याच हातांना गांवानें दूर ठेवलें, ही विसंगति या इतिहासांत नोंदविलीच पाहिजे. तथापि त्या कारागिराची पद्धत शास्त्रशुद्ध होती. गिऱ्हाइकाचें पाऊल कागदावर किंवा जमिनीवर टेकवून तो भोंवतीं रेघ ओढी. त्या रेघेंत लांबीबरोबर रुंदी येई, अंगठ्याचा कल येई, एक पाय दुसऱ्याहून मोठा असल्यास तोही फरक येई.

परंतु तें पाऊल बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचें असे. शेतांत राबणारी बाई पुष्कळदां अनवाणीच चाले. ज्या घरांतील स्त्रिया बाजारांत जात नसत, त्यांच्या पाउलाच्या लांबीची काडी मोडून किंवा सुतळी धरून ती घरचा माणूस दुकानीं नेई. काडीला लांबी कळते. चवडा आणि टांच कळत नाहीं. म्हणजे पुढें कारखान्यानें जी चूक मोठ्या प्रमाणावर केली, तिची लहानशी आवृत्ति स्त्रियांच्या वांट्यास घरींच आलेली होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं निजामी राजवटींतील या भागांत आगगाडी आली. नांदेड हें हैदराबाद-मनमाड मार्गावरचें स्टेशन झालें आणि बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ सालीं लातुरापर्यंत पोंचला. पुढें तयार जोडे पेठेंत येऊं लागले. १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ बाटानगर वसलें, आणि रबरी तळाचा व कॅन्व्हासचा स्वस्त जोडा शहरांतून खेड्यांपर्यंत गेला. हा बदल लहान नव्हता. ज्यांना पायांत घालावयास कांहींच मिळत नव्हतें अशा असंख्य लोकांना, आणि त्यांत मुलींना, या स्वस्ताईनें प्रथम जोडा दिला. मात्र पाऊल दुकानीं नेऊन रेघ ओढण्याची रीत मागें पडली, आणि नंबराला पाय जुळवून घेण्याची रीत पुढें आली.

अमेरिकेंत याच सुमारास, १९२० ते ३० च्या दशकांत, सिराक्यूज शहरांतील चार्लस् ब्रॅनॉक यानें पाऊल मोजण्याचें एक धातूचें यंत्र तयार केलें. टांचेपासून बोटांपर्यंतची लांबी, टांचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी, अशीं तीन मापें तें एकदम घेतें. जोडा पाउलाबरोबर वांकतो तो चवड्याच्या सांध्यापाशीं. म्हणून दुसरें माप सर्वांत महत्त्वाचें. स्त्री आणि पुरुष यांच्या पाउलांत फरक पडतो तोही असाच, केवळ लांबींत नव्हे. अमेरिकेंतील एका अभ्यासानें २००१ सालीं हें स्पष्ट दाखविलें कीं, स्त्रीचें पाऊल म्हणजे पुरुषाच्या पाउलाची लहान प्रत नव्हे. कमान, अंगठा, बाहेरील कड आणि चवडा यांचा आकार निराळा असतो. तरीही पुष्कळ काळ कारखान्यांची युक्ति एवढीच होती : पुरुषांचें कालबूत लहान करावें, रंग बदलावा आणि तो जोडा स्त्रियांचा म्हणून विकावा.

या युक्तीचा दोष जेथें लपूं शकत नाहीं असा एक खेळ आहे, आणि तो पाण्यावरचा आहे. ज्या लातुरास १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पहिली पाणीगाडी दहा वाघिणींत पांच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेथील श्रोत्यांस पाण्यावर घसरण्याच्या खेळाची गोष्ट सांगणें धाडसाचें वाटेल. पण मुद्दा पाण्याचा नसून पायाचा आहे. १९२२ सालीं अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतांत लेक पेपिन येथें राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणानें दोन फळ्यांना चामड्याचे पट्टे ठोकले, त्यांत पाय अडकविले आणि होडीमागें दोरीनें ओढला जात तो पाण्यावर उभा राहिला. हाच वॉटर स्कीचा आरंभ. पट्ट्याच्या जागीं पुढें रबराचे बंध आले : पुढचा भाग चवडा धरतो, मागचा सरकता भाग टांच पकडतो.

या बंधांची कसोटी दुहेरी असते. धांवेंत पाय जराही हलतां कामा नये, आणि पडतांना तो सहज सुटला पाहिजे. चवड्याच्या मानानें टांच अरुंद असली, तर सरकता भाग कितीही पुढें आणला तरी टांच वर उचलते. बोटें मात्र आंवळलीं जातात. पडण्याच्या क्षणीं एक पाय सुटून दुसरा अडकून राहिला, तर फळी गुडघा किंवा घोटा पिळते. स्त्रिया या खेळांत प्रारंभापासून पुढें होत्या. अमेरिकेची विला वर्दिंग्टन हिनें १९४९, १९५३ आणि १९५५ या तिन्ही सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें. कौशल्यांत स्त्रिया मागें नव्हत्या. मागें राहिला तो त्यांच्या टांचेचा आणि पोटरीचा विचार करून केलेला बंध.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. नांदेड जिल्ह्यांतील भाग्यश्री जाधव ही अपंग खेळाडू बसून गोळा फेकते. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्यें ती सातवी आली, आणि २०२४ सालीं पॅरिस येथें सुमित अंतिल याच्यासमवेत तिनें भारताचा ध्वज धरला. बसून फेकणाऱ्या खेळाडूंचे शरीर पट्ट्यांनीं आसनाशीं बांधलेलें असतें, आणि आसनाची उंची उशीसकट ७५ सेंटिमीटरांहून अधिक असूं नये असा नियम आहे. पट्टा सैल राहिला तर खांद्यांतील जोर गोळ्यांत न जातां वायां जातो. फार आंवळला तर श्वास आणि रक्त अडतें. पाण्यावरच्या फळीचा आणि या आसनाचा धडा एकच : बंध ज्याच्या अंगाचा, जोर त्याचा.

लातुराशेजारच्या धाराशिवची सारिका काळे हिनें खो-खोच्या भारतीय संघाचें नेतृत्व केलें आणि २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९४ च्या महिला धोरणानें महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठीं तीस टक्के जागा राखल्या. पोलिस शिपायाच्या भरतींत मुलींना आठशें मीटर धांवण्याची परीक्षा द्यावी लागते. खेड्यांतून तयारी करणाऱ्या मुलीला तेथें कांहीं सेकंदांवर नोकरी मिळते किंवा हुकते. तिच्या पायांत भावाचा जुना बूट असेल, तर त्या शर्यतींत तिच्याबरोबर एक निराळें ओझेंही धांवत असतें.

सुदैवानें या इतिहासांत एक नवें पान उघडलें आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशांतील ७९ ठिकाणीं १,०१,८८० लोकांचीं पाउलें मोजलीं. भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकन पाउलाहून रुंद आहे असें त्यांत आढळलें. म्हणून इंग्रजी नंबराऐवजीं स्वतंत्र भारतीय मापपद्धति सुचविण्यांत आली आणि भारतावरून तिला 'भ' हें नांव देण्यांत आलें. आणखी एक गोष्ट प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मुलीच्या पाउलाची वाढ वयाच्या अकराव्या वर्षीं शिगेस पोंचते. मुलाची पंधराव्या-सोळाव्या वर्षीं. घरांत दोघांना एकाच नियमानें 'वाढत्या अंगाचा' जोडा घेणें म्हणजे मुलीला पायापेक्षां मोठा जोडा उगीच पुष्कळ काळ ओढावयास लावणें होय.

उपाय सोपा आहे, आणि तो आपल्या जुन्या कारागिरानेंच दाखवून ठेवला आहे. सायंकाळीं, पाय थोडे फुगलेले असतां, मुलीला कागदावर उभी करावी. बसवून माप घेऊं नये, कारण भार पडल्यावर पाऊल पसरतें. दोन्ही पावलांभोंवतीं रेघ ओढावी आणि मोठें पाऊल प्रमाण मानावें. दुकानांत जोड्याचा आंतील तळ त्या रेघेवर ठेवून पाहावा. पुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, चवडा दबूं नये, आणि चार पावलें धांवून पाहतां टांच निसटूं नये. काडी किंवा सुतळी पाठवूं नये. मुलीलाच दुकानीं न्यावें, आणि बूट कोठें लागतो हें तिलाच विचारावें.