माशी, ठिपका आणि नेम

साधन बदललं की कौशल्याचं काय होतं, हा आपला या मालिकेतला प्रश्न. आज त्यासाठी पिस्तूल नेमबाजी घेऊ.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीने करू. द्रोणाचार्यांनी झाडावर कृत्रिम पक्षी बसवला आणि शिष्यांना विचारलं, काय दिसतं? बाकीच्यांना झाड, फांद्या, गुरुजी, सगळंच दिसत होतं. अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसलं. (आपण सगळे डोळा म्हणतो, पण महाभारतात डोकंच आहे.) म्हणजे नेम म्हणजे काय, तर लक्ष्यावर खिळलेली नजर. आपण लहानपणापासून हेच धरून चाललो.

पण कॉलेजात एनसीसीची रायफल हातात आली आणि आमच्या प्रशिक्षकांनी उलटंच सांगितलं: लक्ष्याकडे बघू नका, माशीकडे बघा! माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा. पिस्तुलाचंही तसंच. मागे खाच, पुढे माशी, पलीकडे लक्ष्य. तीन वस्तू, तीन अंतरांवर. डोळ्याचं भिंग एका वेळी एकच अंतर स्पष्ट दाखवू शकतं. म्हणून नेमबाजाने माशी स्पष्ट ठेवायची आणि लक्ष्य धूसर होऊ द्यायचं. कारण माशी खाचेत केसभर सरकली, तरी दूरवर गोळी वीतभर चुकते. लोखंडी साइटचा हा सगळा संस्कार अर्जुनाच्या विरुद्ध आहे. मन लक्ष्याकडे धावतं, त्याला ओढून हाताशी आणायचं.

यातून सुटका शोधली दुर्बिणी बनवणाऱ्या एका माणसाने. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब. यांचं नाव पुणेकरांना परकं नसावं. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये नायगमवालांनी जी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवली, तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. तर या ग्रब यांनी १९०० साली बंदुकीसाठी एक युक्ती मांडली. तिरप्या काचेवर प्रकाशाची खूण अशी परावर्तित करायची, की तिचे किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतील. ताऱ्याचे किरण येतात तसेच. मग ती खूण काचेवर न दिसता दूर लक्ष्यावर ठेवल्यासारखी दिसते. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ती फारशी ढळत नाही. तीन अंतरांचं एकच अंतर झालं, ही खरी क्रांती!

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ही कल्पना लढाऊ विमानांवर पोहोचली. हातातल्या शस्त्रासाठी मात्र छोटा, थंड, थोड्या विजेवर चालणारा दिवा हवा होता. तो एलईडीने दिला. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने लाल ठिपक्याची पहिली इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणली.

त्याच सुमारास, १९७६ मध्ये, अमेरिकेत मिसूरीतल्या कोलंबिया गावी आयपीएससी ही संघटना स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. इथे एका जागी उभं राहून शांतपणे नेम धरणं नाही. पळायचं, वळायचं, अनेक लक्ष्यं टिपायची. आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. सेकंदाच्या अंशाला किंमत आली, तिथे ठिपका येणारच होता. तरी तो लगेच आला नाही, कारण सुरुवातीची साइट पिस्तुलासाठी अवजड होती. १९९० मध्ये डग कोनिग ॲडलेडला जागतिक विजेता झाला, तो लाल ठिपक्यावर नेम धरून. मग पुढच्या काही वर्षांत वरच्या फळीतल्या स्पर्धकांची लोखंडी साइट सुटली.

आता वाद उभा राहिला. जुने म्हणाले, ही नेमबाजी नव्हे, विकत घेतलेला नेम आहे. संघटनांनी ठिपक्यावर बंदी घातली नाही, वर्ग वेगळे केले. ठिपकेवाल्यांचा ओपन, लोखंडीवाल्यांचा निराळा. पुढे साइट अंगठ्याएवढी झाली, साध्या पिस्तुलाच्या स्लाइडवर बसू लागली, तेव्हा तिच्यासाठीही नवे वर्ग निघाले. ऑलिम्पिकच्या नियमांत मात्र पिस्तुलाला आजही उघडी साइटच चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं, ते माशीवर नजर ठेवूनच.

आमच्या मते वर्ग करणं ही नुसती तडजोड नव्हती. प्रत्येक स्पर्धेला आधी ठरवावं लागतं, आपण मोजतोय काय? डोळ्याची शिस्त, की हाताची? दोन्ही मोजण्यासारख्या आहेत, पण एका तराजूत नव्हे.

आणि ठिपक्याने कौशल्य संपवलं, हेही खरं नाही. नवख्याच्या हाती ठिपक्याचं पिस्तूल द्या. होल्स्टरमधून काढून समोर धरलं की त्याला ठिपका सापडतच नाही. माशी निदान कुठे चुकलं ते दाखवते. काचेत मात्र काहीच नसतं. मनगट आणि पकड दर वेळी तीच जमली, तरच ठिपका आपोआप नजरेसमोर येतो. शिवाय तो हाताचा बारीकसा कंपही उघड करतो. ठिपका स्थिर व्हायची वाट बघत नवखा घाईने ट्रिगर ओढतो आणि चुकतो. म्हणजे कौशल्य डोळ्यातून पकडीत उतरलं. नाहीसं झालं नाही.

शेवटी घरचा दाखला. पंचेचाळिशीनंतर आमची माशी पुसट झाली. ती वयाची रीतच आहे, जवळचं दिसेनासं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये दूरचं भिंग बसवलं, तेव्हा जवळचा प्रश्नच मिटला. आपण आता हातातून गेलो, असं धरून चाललो होतो. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने सरावाचं एअर पिस्तूल हाती दिलं, वर ठिपका. "सर, लक्ष्याकडे बघा," म्हणाला. बघितलं. लक्ष्य स्वच्छ, ठिपका स्वच्छ! तो थरथरत होता, हे खरं. पण ती थरथर आमची होती, डोळ्याची सबब नव्हती. दहातले चार लागले.

साधन सोपं झालं की माणूस आळशी होतो, असं आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी वाटलं, निदान या बाबतीत तरी आपलं चुकलं. सोपं साधन काही जणांना पुन्हा रांगेत उभं करतं, आणि मग त्यांच्याकडे कारण उरत नाही. अर्जुनाची नजर परत मिळते, हात मात्र स्वतःलाच घडवावा लागतो.

प्रश्न असतील तर घेऊ.