सनदेपासून अर्जापर्यंत : धाराशिवच्या माळाची कथा



निसर्गाचे रक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य, व्याघ्र, खळाळणारे ओढे अशी चित्रे उभी राहतात. पैशाची आठवण सहसा कोणास होत नाही. परंतु रक्षण करावयाचे तर राखणदार हवा, वणव्यावर नजर ठेवणारा हवा, कोणता पक्षी केव्हा येतो याची टिपणे ठेवणारा हवा. आणि या सर्वांना पोट आहे. तेव्हा हा पैसा आजवर कोणी दिला, कोणाच्या मागणीवरून दिला आणि कोणत्या शब्दांवर विश्वास ठेवून दिला, हा इतिहासाचा एक खरा प्रश्न होय. त्याचा विचार आज धाराशिव जिल्ह्याच्या निमित्ताने करावयाचा आहे.

हा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर पसरलेला आहे. पाऊस बेताचा, दुष्काळ तर येथील माणसांच्या ओळखीचाच. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली जिल्ह्यास धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे मिळाले. येथे येडशी-रामलिंगघाटाचे लहानसे अभयारण्य आहे खरे. पण जिल्ह्याची खरी निसर्गसंपत्ती आहे ती माळावर. कुसळीचे गवत, बोर, बाभूळ, हिवर, गवताच्या आडोशाने राहणारे खोकड नि लांडगे, आणि त्या गवतावर पिढ्यानुपिढ्या चरणारी शेळ्यामेंढ्यांची खांडे, असे त्याचे स्वरूप आहे.

पूर्वीच्या काळी अशा जमिनीस राजाश्रय मिळे तो रोकड रकमेने नव्हे, तर माफ केलेल्या महसुलाने. देवस्थानास इनाम दिले जाई. सरकारी घोड्यांसाठी नि गुरांसाठी कुरणे राखली जात. देवाच्या नावाने सोडलेल्या राईत कोणी कुऱ्हाड चालवीत नसे. अशा दानाचा आधार म्हणजे सनद. सनदेत दान कोणास, कशासाठी आणि जमिनीच्या चारी सीमा कोणत्या, हे स्पष्ट लिहिलेले असे. हेतू धर्माचा वा फौजेच्या सोयीचा असला, तरी गवत आणि झाड त्यामुळे टिकत असे. पुढे काळ पालटला. १९४९ साली हैदराबाद राज्यातील जहागिऱ्या गेल्या आणि १९५४ च्या कायद्याने इनामे व रोख अनुदाने यांच्या निर्मूलनाची व्यवस्था झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. तथापि सनदेच्या आडोशाने राहिलेल्या कित्येक राया व कुरणे यांना दुसरा पालक उरला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

सनदेची जागा घेतली ती मोजणीच्या कागदाने. एकोणिसाव्या शतकात जमिनीची पैमाश होऊन प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला. पैमाशीचा हेतू महसूल हा होता. म्हणून जी जमीन पीक देईल ती लागवडीस योग्य आणि जी देणार नाही ती ‘पोटखराब’. हा शब्द आपण आजही सात-बाराच्या उताऱ्यात वाचतो. हिशेबनिसाच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. परंतु त्या एका शब्दाने खडकाळ उतार, ओढ्याकाठची झुडपे आणि गवताळ पट्टे हे सारे ‘खराब’ या सदरात जाऊन बसले. ही समजूत अद्याप गेलेली नाही. २००० साली भारताचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध झाला; त्यातही झुडपी माळ व खालावलेली चराऊ राने हे पडीक जमिनीचेच प्रकार ठरले. जे कागदावर ओसाड आहे त्याच्या रक्षणासाठी पैसा मागणारास प्रथम हे सिद्ध करावे लागते की, तेथे काहीतरी आहे!

हे सिद्ध करण्याचा एक नमुनेदार प्रयत्न याच हैदराबाद राज्यात झाला. १९३० साली सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन मुंबईस परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची पूर्वीची जागा पैशाच्या अभावी रद्द झालेली होती. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून प्राणिमात्रांच्या अभ्यासाचे कार्य करीत होती. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी गृहस्थ होते. वर्गणी नि देणग्या मिळवून या संस्थेने १९११ पासून देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी चालविली होती व तिचा आरंभ खानदेशात केला होता. पक्ष्यांची तशी पाहणी मात्र पुष्कळशा संस्थानांत झालेली नव्हती. सलीम अलींनी सोसायटीपुढे एक सूचना मांडली : मला वेतन नको; प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च तेवढा संस्थानाने द्यावा, पाहणी मी करीन. निजाम सरकारने ही मागणी मान्य केली. १९३१-३२ मध्ये पाहणी झाली; सलीम अलींच्या पत्नी तेहमिना यांनी छावणीची व्यवस्था सांभाळली; आणि ह्यू व्हिस्लर या इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या टिपणांसह सर्व वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ च्या सुमारास छापून निघाला. पुढे त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर आदी संस्थानांतही अशाच पाहण्या झाल्या.

या मागणीत चार गुण होते. काय करावयाचे ते नेमके सांगितलेले होते. मागितलेली रक्कम कामापुरतीच होती. मागणाराने स्वतःचे श्रम विनामूल्य घातले होते. आणि शेवटी जे हाती आले ते छापून सर्वांच्या स्वाधीन केले होते. त्या पाहणीत पक्षी मारून त्यांचे नमुने जमविले जात, हे आज आपणांस खटकेल. तिचा उद्देश रक्षण नसून ज्ञान हाच होता. परंतु ज्ञानाची ती नोंद नसती, तर पुढे काय हरवले हे आपणांस कळलेच नसते.

काय आहे हे ठाऊक नसता पैसा आला म्हणजे काय होते, याचा धडा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळाने दिला आहे. १९७० नंतरच्या दशकात अवर्षणप्रवण भागासाठी आलेल्या निधीतून तेथे काही पट्टे राखले गेले, गवत वाढले आणि माळढोकास आसरा मिळाला. १९७९ साली अभयारण्यही जाहीर झाले. परंतु उघडा माळ म्हणजे उणीव आणि झाडे लावणे म्हणजे सुधारणा, या समजुतीने अशा पट्ट्यांत झाडेही लावली गेली. माळढोकास दूरवर दृष्टी पोचेल अशी मोकळी जागा लागते. दाट झाडोऱ्यात तो राहत नाही. पैसा हिरवळीसाठीच खर्च झाला, तरी तो ज्याच्यासाठी हवा होता त्याच्या घरावर गदा आली.

आजच्या काळात पैसा देणारे पुष्कळ आहेत. पण प्रत्येकाचा नकाशा वेगळा. क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड या आंतरराष्ट्रीय निधीने २००८ ते २०१५ या काळात आपल्याकडील कामांस साहाय्य केले, ते सह्याद्रीच्या पट्ट्यात. बालाघाट त्या रेषेबाहेर पडला. धाराशिवकरांनी कितीही सुरेख अर्ज लिहिला असता, तरी त्या दारी त्यास जागा नव्हती. याच्या उलट, २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेला महाराष्ट्र जनुक कोश हा प्रकल्प पाहा. पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लक्ष रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत स्थानिक बियाणी, देशी जनावरे आणि गवताळ माळ यांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. ज्या जमिनीस पैमाशीने ‘खराब’ म्हटले, तिला शासनाच्या एका कागदात प्रथमच मानाचे नाव मिळाले असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र योजनेचा कागद मुंबईत असतो आणि माळ गावाशेजारी. या दोहोंमधील दुवा २००२ च्या जैवविविधता कायद्याने घालून दिला आहे. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, तिने गावातील वनस्पती, प्राणी, पिके, जनावरे व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, आणि तिच्यापाशी स्थानिक निधी असावा, अशी योजना आहे. अशा नोंदवहीचा पुरस्कार डॉ. माधव गाडगीळ यांनी कायद्यापूर्वीच चालविला होता. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० पर्यंत हे काम पुरे करावे, न झाल्यास राज्यांनी दंड भरावा, असे फर्माविले. मुदत जवळ येऊ लागली तशी अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसांकरवी एकाच साच्याच्या वह्या झपाट्याने भरल्या गेल्या. कायद्याचे पालन झाले. गावाची ओळख मात्र वहीत उतरली नाही.

धाराशिवच्या बाबतीत ही उणीव विशेष जाचते. या जिल्ह्याचे जुने नाव साऱ्या देशात आजही घेतले जाते ते एका शेळीमुळे. उस्मानाबादी शेळी ही देशातील मान्यताप्राप्त जात असून ती बहुधा काळ्या रंगाची, जुळी करडे देणारी, रखरखीत माळावर तग धरणारी आहे. तिची निवड प्रयोगशाळेत झालेली नाही. कोणता बोकड ठेवावा, कोणत्या ऋतूत कोणत्या झाडाचा पाला पाजळावा, हे ठरविणाऱ्या शेळीपालकांनी ती घडविली. त्या कुटुंबांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्यांचे हे ज्ञान वहीत आले नाही, तर शेळीच्या संवर्धनासाठी येणारा पैसा गोठ्यासाठी मिळेल. जो माळ तिला जगवितो त्यासाठी मिळणार नाही. आणि पवनचक्क्या व सौरप्रकल्प यांची दृष्टी आता याच माळांकडे वळलेली आहे. विजेची गरज खरी आहे. परंतु ओसाड म्हणून नोंदलेली जमीन देऊन टाकणे नेहमीच सोपे जाते.

म्हणून अनुदानाचा अर्ज ही याचना आहे असे समजू नये. जुन्या सनदेप्रमाणेच त्यातही चतुःसीमा लिहावयाच्या असतात : कोणती जागा, तेथे काय नांदते, ते कोण राखतो, किती वर्षांत काय करावयाचे आणि त्याचा पडताळा कसा घ्यावयाचा. फरक इतकाच की, सनद वरून येई आणि अर्ज खालून जातो. त्यातील मजकूर लिहिण्याचा अधिकार आता गावाचा आहे. माझे बोलणे ऐकणाऱ्यांपैकी अनेकजण पुण्यामुंबईस राहत असतील, तरी भूम, परांडा, कळंब, तुळजापूर या बाजूस त्यांचे घर असेल, भाऊबंद असतील. पुढच्या यात्रेस गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत ती नोंदवही मागून पाहा. तीत तुमच्या माळाचे गवत नाही, शेळी नाही, ती राखणाऱ्या बायामाणसांचे शब्द नाहीत असे आढळले, तर चार दिवस मुक्काम वाढवा आणि जाणत्यांना विचारून ती पाने लिहून काढण्यास हात लावा. अर्ज त्यानंतर करता येईल.