भारतीय वैद्यकीय पथक, चीन (१९३८–४३)

जपानी आक्रमणात होरपळलेल्या चिनी जनतेच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे इतर सदस्य.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून औषधे, उपकरणे व डॉक्टर यांची मागणी केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केले. जुलैच्या आरंभी देशभर ‘चीन दिन’ पाळून वर्गणी गोळा करण्यात आली. सुमारे २२ हजार रुपये जमले. भारत स्वतः पारतंत्र्यात असताना लोकांनी दुसऱ्या देशातील पीडितांसाठी हा पैसा दिला, ही गोष्ट रकमेपेक्षा मोठी आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. कँटनमध्ये सुंग छिंगलिंग (सन यत्-सेन यांच्या पत्नी) यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हांखौ, चुंगकिंग असे मुक्काम करीत, तेथील रुग्णालयांत काम करीत ते फेब्रुवारी १९३९ मध्ये उत्तरेकडील येनानला पोहोचले.

उपप्रमुख चोळकर हे नागपुरातील नामांकित डॉक्टर व काँग्रेसचे कार्यकर्ते होते. पथकातील बाकीच्यांपेक्षा ते वयाने बरेच मोठे, साठीकडे झुकलेले होते. घरदार व दवाखाना मागे ठेवून त्या वयात युद्धभूमीकडे जाणे हे मोठ्या धैर्याचे काम होते. चोळकर आणि प्रकृती बिघडलेले मुखर्जी १९३९ मध्ये परतले. स्पेनच्या यादवी युद्धातही सेवा केलेले अटल १९४० मध्ये, तर बसू १९४३ मध्ये मायदेशी आले. कोटणीस परतले नाहीत.

पथकाचे सर्वांत भरीव काम झाले ते उत्तर चीनच्या खेड्यांत. होपै प्रांतातील डोंगराळ भागात धड रस्ते नव्हते, रुग्णालयाची इमारत नव्हती आणि जपानी फौजांच्या धाडी सतत पडत. तेथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी फिरत्या शस्त्रक्रियागृहाची पद्धत बसवली होती : लाकडी खोक्यांत हत्यारे, औषधे व मलमपट्ट्या भरायच्या, खोकी खेचराच्या पाठीवर लादायची आणि जखमींच्या जवळ जाऊन एखाद्या घरात किंवा देवळात शस्त्रक्रिया सुरू करायची. बेथ्यून शस्त्रक्रियेत झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांच्या हाती आली. त्याआधी १९४० मधील एका दीर्घ लढाईत त्यांनी तीन दिवस-रात्र जवळजवळ अखंड शस्त्रक्रिया केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

थांग तालुक्यातील ककुंग या गावी त्यांचा मुक्काम असे. खेडुतांची घरे हेच जखमींचे वॉर्ड. शत्रू आला की गावकरीच रुग्णांना हलवीत, लपवीत. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहू लागले. खेड्यातल्या अल्पशिक्षित पोरांतून ड्रेसर आणि सहायक तयार करणे हे त्यांचे, शस्त्रक्रियांइतकेच, मोलाचे काम होय. डॉक्टर निघून गेला तरी उपचार थांबू नयेत, ही त्यामागची दृष्टी होती.

१९४१ च्या अखेरीस कोटणीसांनी तेथील परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. अपस्माराचे झटके येत असूनही त्यांनी काम थांबवले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ककुंगलाच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी आज शीच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट काढला आणि कोटणीसांचे नाव घरोघर पोहोचले.

बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे सूचिचिकित्सा (अ‍ॅक्युपंक्चर) शिकले आणि ती त्यांनी भारतात आणली. कलकत्त्यात कोटणीस स्मारक समितीच्या द्वारे गरीब रुग्णांना तिचा लाभ देण्यात ते दीर्घकाळ गुंतले होते. १९६२ च्या भारत-चीन युद्धाने दोन्ही देशांतील संबंध बिघडले. तरीही चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत राहिले.

सोलापूरला भैय्या चौकात कोटणीसांचे स्मारक आहे. चोळकरांची ओळख मात्र विदर्भातही फार थोड्यांना आहे. विदर्भातील शाळांनी आणि वाचनालयांनी कोटणीसांच्या बरोबरीने त्यांचेही नाव मुलांना सांगावे.