ॲफिडेव्हिट

(ना., न.) शपथपत्र, प्रतिज्ञापत्र. शपथेवर वा प्रतिज्ञेवर, अधिकृत व्यक्तीसमोर सही करून दिलेले लेखी निवेदन.

व्युत्पत्ती : मध्ययुगीन लॅटिन 'अफिदारे' (वचन देणे) या क्रियापदाचे भूतकाळी, तृतीयपुरुषी, एकवचनी रूप. मुळाशी 'फिदेस' म्हणजे विश्वास. 'त्याने शपथेवर सांगितले' हे अख्खे वाक्यच इंग्रजीत नाम झाले. हे बोलणे शपथ देवविणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे. मराठी मसुदा मात्र प्रथमपुरुषी असतो. खामगावच्या शेतकऱ्याचा कागद 'मी, वय अमुक, धंदा शेती, रा. अमुक, ता. खामगाव, जि. बुलढाणा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असा उघडतो. कागदाखाली अंगठा उठतो तो या 'मी'चा, म्हणून मराठी रूपच अधिक नेमके मानावे.

वऱ्हाडातील स्थिती : निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला तरी मुलूख निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. वरील मसुद्यातला खामगाव तालुका वऱ्हाडातलाच; तो 1905 मध्ये अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आला.

कायदा : 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार, शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा असलेल्यांचे प्रतिज्ञाकथनही या संज्ञेत येते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 19, नियम 3 हा या नोंदीतील कळीचा भाग. निवेदकाने स्वतःच्या ज्ञानाने शाबीत करता येईल तेवढेच लिहावे. केवळ अंतरिम अर्जांत समजुतीची विधाने चालतात, तीही आधार सांगून. 'वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे' ही छापील ओळ नेमका हा भेद पुसते. डोळ्यांनी पाहिलेला बांध आणि शेजाऱ्याकडून ऐकलेला बांध तिथे एकाच मापाने मोजले जातात. मसुदा करणाऱ्याने परिच्छेदवार 'स्वतःच्या माहितीने' आणि 'ऐकीव' असे वेगळे लिहावे.

शपथ अधिनियम, 1969 ने 1873 चा कायदा रद्द केला. न्यायिक कार्यवाहीत जाणूनबुजून खोटे शपथपत्र दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

मुद्रांक : महाराष्ट्रात शासकीय कार्यालयांत व न्यायालयांत दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रांना शुल्कमाफी आहे.