कुंती (वनस्पती)

कुंती किंवा कामिनी (शास्त्रीय नाव: मुराया पॅनिक्युलाटा) ही लिंबू कुळातील (रुटेसी) सदाहरित, सुगंधी फुलांची झुडूपवजा वनस्पती आहे. तिचे मूलस्थान दक्षिण व आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत मानले जाते. प्रजातीचे नाव लिनियसचा शिष्य योहान मरे याच्यावरून पडले. कढीपत्ता पूर्वी याच प्रजातीत गणला जाई. आता तो बहुधा बर्गेरा या वेगळ्या प्रजातीत घालतात.

वर्णन

झाड साधारण 2 ते 7 मीटर वाढते. पाने संयुक्त, पर्णिका गुळगुळीत व चकचकीत असतात. पांढरी, पाच पाकळ्यांची फुले फांद्यांच्या टोकांशी झुबक्याने येतात. एखाद्या पावसानंतर सारे झाड एकाच वेळी फुलते व काही दिवसांत पाकळ्यांचा सडा पडतो. फळ लहान, पिकल्यावर नारिंगी-तांबडे असते. लाकूड कठीण असून हत्यारांच्या मुठींसाठी वापरले जाते.

बागेतील निवड

छत्रपती संभाजीनगर परिसरात बेसाल्टवरील काळी जमीन, बेताचा पाऊस आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा यांत तग धरणारे सुगंधी झुडूप हवे असते. मोगऱ्याला उन्हाळ्यात नियमित पाणी लागते. रातराणीचा गंध रात्री दूरवर जातो, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले वा गुरे असलेल्या घरी ती टाळणे बरे. पारिजातक सुंदर खरा, पण त्याची पानगळ होते. बारमाही हिरवा आडोसा आणि गंध दोन्ही हवे असल्यास कुंती उजवी ठरते. चुनखडीयुक्त जमिनीत मात्र लोहाच्या कमतरतेने तिची कोवळी पाने पिवळी पडतात. अशा वेळी शेणखत व हिराकस उपयोगी पडतात. लागवड ताज्या बियांपासून किंवा गुटी कलमाने होते. कुंपणासाठी सतत छाटल्यास कळ्या धरणारी टोकेच कापली जातात व फुले कमी येतात, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते.

मोसंबी बागांचा प्रश्न

कुंती ही सिट्रस सिला (डायाफोरिना सिट्री) या 3 ते 4 मिमी लांबीच्या किडीची आवडती यजमान वनस्पती आहे. ही कीड कोवळ्या पालवीवर अंडी घालते आणि लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग पसरवते. रोगट झाडाची पाने चट्ट्याचट्ट्याने पिवळी पडतात, फळे लहान व वाकडी राहतात. त्यावर खात्रीचा उपाय नाही. कुंतीत हा जिवाणू फारसा वाढत नाही, पण किडीची पैदास तीवर वर्षभर होऊ शकते. छाटणीनंतर फुटणारी नवी पालवी तिला अधिकच सोयीची असते. अमेरिकेतील फ्लॉरिडात ही कीड 1998 मध्ये आढळली व 2005 मध्ये रोगाची नोंद झाली. पुढे तेथे कुंतीच्या रोपांच्या वाहतुकीवर निर्बंध आले.

छत्रपती संभाजीनगर व जालना हे मोसंबीचे जिल्हे असल्याने हा मुद्दा येथे दूरचा नाही. शहरातील घराच्या अंगणात एखादे झाड लावण्यास हरकत नसावी. मात्र पैठण वा अंबडकडे मोसंबीच्या बांधावर शोभेसाठी कुंतीचे कुंपण घालणे अयोग्य ठरते. परसातला कढीपत्ताही याच किडीला आश्रय देतो, म्हणून बागेजवळ त्याच्या पालवीचीही तपासणी करावी लागते. पोट वर उचलून तिरपी बसलेली तपकिरी ठिपकेदार कीड नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते.