सेव्हरन्स: शब्द एक, हिशेब दोन

आजची गोष्ट खेळण्यांच्या कंपनीची आहे, पण तिच्यात खेळणी कमी आणि हिशेबाच्या वह्या जास्त आहेत.

अमेरिकन 'शार्क टँक' बघत असाल तर केव्हिन ओ'लिअरी हे नाव माहीत असेलच. १९९९ मध्ये हा माणूस विकणाऱ्यांच्या बाजूला होता. त्याची 'द लर्निंग कंपनी' मुलांसाठी शिकण्याची सॉफ्टवेअर्स विकायची, आणि बार्बीवाल्या मॅटेलनं ती सुमारे ३५० कोटी डॉलरला विकत घेतली. सीडी-रॉमचा जमाना उतरणीला लागला होता. काही महिन्यांतच तिथून नफ्याऐवजी तोटा यायला लागला आणि मॅटेलचा शेअर धाडकन पडला. पुढच्याच वर्षी मॅटेलनं ही कंपनी देऊन टाकली, तीही रोख एक डॉलर न घेता, फक्त पुढे झालाच नफा तर त्यातल्या वाट्याच्या बोलीवर.

फेब्रुवारी २००० मध्ये सीईओ जिल बॅरड यांनी राजीनामा दिला. आता हे म्हणायलाच हवं की बार्बीची विक्री वर्षाला १०० कोटी डॉलरच्या पुढे नेण्यात या बाईंचा मोठा हात होता. पण जाताना मिळालं किती? जवळपास ५ कोटी डॉलरचं पॅकेज. त्यात रोख रक्कम होती, कंपनीनं दिलेल्या कर्जाची माफी होती, शिवाय आयुष्यभराची पेन्शन. यात बेकायदा काहीच नव्हतं. नोकरीच्या करारातच हे सगळं लिहिलेलं होतं.

नवीन सीईओ रॉबर्ट एकर्ट क्राफ्ट फूड्समधून आले आणि खर्चकपात सुरू झाली. एप्रिल २००१ मध्ये घोषणा झाली की केंटकी राज्यातल्या मरे गावचा कारखाना बंद करून काम मेक्सिकोला हलवणार. हा मॅटेलचा अमेरिकेतला शेवटचा कारखाना. फिशर-प्राइसची खेळणी तिथे १९७० च्या दशकापासून बनत होती. कामगार होते सुमारे ९८०, आणि गावाची लोकसंख्या जेमतेम १५,०००. म्हणजे गावात कुणाच्या ना कुणाच्या घरातलं माणूस तिथे होतंच.

या कामगारांना कायद्यानं काय मिळतं? १९८८ च्या वॉर्न कायद्यानुसार ६० दिवसांची आगाऊ नोटीस. सेव्हरन्स द्यायलाच हवा असं अमेरिकेचा केंद्रीय कायदा म्हणत नाही. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार तरी लिहिलेला होता. तिथे युनियनच्या करारात किंवा कंपनीच्या पॉलिसीत असेल तेवढंच.

खरी गोची मेडिक्लेमची. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. नोकरी गेली की 'कोब्रा' नावाच्या कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो हिस्साही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के व्यवस्थापन खर्च. पगार थांबलेल्या महिन्यात प्रीमियम कित्येक पटींनी वाढतो. याला बेनिफिट म्हणायचं!

आता वहीत हे कसं दिसतं बघा. सेव्हरन्स, बंद कारखान्याची मशिनरी, मोडलेले करार, सगळं एकत्र करून 'रिस्ट्रक्चरिंग चार्ज' अशी एक ओळ होते. मॅटेलच्या त्या योजनेचा असा खर्च करापूर्वी सुमारे २५ कोटी डॉलर धरला होता. हा खर्च 'एकदाच होणारा' म्हणून विश्लेषक बाजूला ठेवतात आणि उरलेला नफा बघतात. वाचलेला पगार मात्र दरवर्षी नफ्यात दिसत राहतो. म्हणजे माणूस कामावर असताना तो नेहमीचा खर्च, आणि काढला की अपवाद. डॅशबोर्डवर एक मेट्रिक लपवून दुसरं हिरवं दाखवण्याचा हा प्रकार माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला फारच ओळखीचा वाटतो.

आणि 'एकदाच' किती वेळा? २००८ मध्ये मॅटेलमध्ये 'ग्लोबल कॉस्ट लीडरशिप' आलं. मग 'ऑपरेशनल एक्सलन्स'. २०१७ मध्ये 'स्ट्रक्चरल सिम्प्लिफिकेशन'. नावं अशी की ऐकणाऱ्याला वाटावं बढतीच मिळतेय.

त्या शेवटच्या योजनेत, टॉईज आर असची दुकानं बंद पडल्यावर, जुलै २०१८ मध्ये मॅटेलनं २,२०० जागा कमी करायची घोषणा केली. यातलं कुणीही कारखान्यातलं नव्हतं. सगळ्या ऑफिसातल्या जागा, अशा कर्मचाऱ्यांपैकी २२ टक्के.