नेली स्टुअर्टची बांगडी

ऑस्ट्रेलियाची नटी नेली स्टुअर्ट मूळची गायिका. १८८८ साली ‘फाउस्ट’ या संगीत नाटकात ती मार्गारेट झाली व सलग २४ रात्री गायिली. त्या ताणाने तिचा गळा दुखावला. आवाज पूर्ववत राहिला नाही. दुसरी एखादी घरी बसली असती! हिने मात्र पुढे गद्य भूमिकांचा मार्ग धरला. १९०२ साली, वयाची ४३ वर्षे उलटल्यावर, मेलबर्नमध्ये ती ‘स्वीट नेल ऑफ ओल्ड ड्रुरी’ या नाटकातील नेल ग्विन झाली. मला हे धाडसच वाटते. हीच भूमिका तिने १९११ साली मूकपटातही केली. तिची साधी सोन्याची बांगडी पाहून तिकडच्या किती तरी स्त्रियांनी तशाच घडवून घेतल्या. सोनारांनी नावही तिचेच दिले!